डावी बाजू

पाथर्डी फाट्याला खडी उतरवून डंपर उभा.
झुंबर कडाळे म्हणाला,
"ताई, एकदा वर येऊन बसा."

सायकल डाव्या चाकापाशी लावून
मी चढले. आत डिझेलचा, उदबत्तीचा वास,
सीटमागे कुणाची तरी शाळेची बाटली.

"आता तुमची सायकल दाखवा."

आरशात गोदामाचा पत्रा दिसला,
लांबचा पांडवलेणीचा डोंगरसुद्धा.
लाल सायकल, जिच्यावरून मी रोज
अंबडला पाळीला जाते,
हातभर अंतरावर उभी असून
कुठेच नव्हती.

म्हणजे नऊ वर्षं मी
ह्या लोकांच्या अंदाजावर जगत होते.
बोलले नाही काही. तोही गप्प.

रविवारी मुश्ताकच्या वेल्डिंगवर
डंपरच्या डाव्या कुशीला दोन आडवे पाइप बसले,
चाकांमधलं ते भगदाड बुजलं.
वर दाराला एक गोल आरसा, खाली वाकून बघणारा.
मालक म्हणाला, पगारातून कापीन.
"कापा," झुंबर म्हणाला, "पण हप्त्याने."

काल सिग्नलला शेजारी येऊन थांबला.
मी मान वर केली.
गोल आरशात मी होते,
पळीत दिसावी तशी वाकडी, बुटकी,
डब्याच्या पिशवीसकट.

उगीचच घंटी वाजवली.