चार आणि आठ

एलियावाच्या बाजारात, गंजक्या सायलेन्सरांच्या रांगेमागे
आमचं दुकान. म्हणजे एक जुना कंटेनर,
त्याला मालखाझनं खिडकी कापली, तीही तिरकी.
त्या तिरक्या उजेडात
त्सियाला आपला संगणक ठेवते,
तान्हं मूल वजनकाट्यावर ठेवावं तसा.

"अडतो," ती म्हणते. "तिसरा आवाज आला की अडतो."

रेडिओच्या तळघरात ती जुन्या फिती उतरवून घेते.
डोंगरातल्या खेड्यांची गाणी. तीन गळे,
प्रत्येकाची फीत वेगळी.
दोन उघडल्या तर चालतं.
तिसरी, खर्जातली, उघडली
की पडद्यावर नुसतं एक वर्तुळ गरगरत राहतं.

मी आधी लोखंडाला हात लावतो,
अंगातली वीज तिथे सोडून देतो.
पहिल्याच आठवड्यात हे विसरलो होतो,
त्याचे पैसे अजून पगारातून कापले जातायत.
झाकण निघतं. आत दोनच खाचा.
एकीत चारची पट्टी, दुसरीत दोनची,
आणि दोघींवर धूळ, मांजराच्या पोटासारखी मऊ.

नियम मला तोंडपाठ:
मापाला माप, वेगाला वेग,
एकाच पाकिटातल्या जुळ्या घ्याव्यात.
मी दोन आठांची किंमत सांगतो.
त्सियाला पर्स उघडत नाही,
तिच्या चेनशी चाळा करत बसते.

मागून मालखाझ, दाढेखाली सूर्यफुलाचं बी:
"ज्यानं नियम लिहिला त्याचा खिसा गरम होता.
दोनची काढ. आठची एकच घाल. चारला राहू दे."
"विजोड होईल."
"होऊ दे की."

आणि तो टेबलावर बिया मांडतो.
इकडे चार. तिकडे आठ.
"आठातल्या चार या चारांबरोबर जोडीनं चालतील.
उरलेल्या चार एकट्या. रेंगाळतील, पण पोचतील.
आणि जुनीला जेवढं धावता येतं
तेवढंच नवी धावेल. त्याला इलाज नाही."

"म्हणजे पैसे नव्या वेगाचे मोजायचे
आणि चालायचं जुनीच्या चालीनं?"
"हो."
त्सियाला पहिल्यांदा हसते.
"रेडिओत लागले तेव्हा माझंही असंच झालं होतं."
मग मालखाझ ते गणित खाऊन टाकतो.

पुतणीच्या खोडरबरानं मी चारचे सोनेरी दात घासतो.
आठची बसवतो. एका बाजूला टक्.
दुसऱ्या बाजूलाही टक् झालं असं मला वाटतं.
नसतं झालेलं. यंत्र तीनदा ओरडतं, काळं पडतं.
मालखाझ काही बोलत नाही,
त्याचं न बोलणं पगारातून कापल्यासारखं लागतं.
पुन्हा काढ. पुन्हा अंगठा.
आता टक्, खरंखुरं,
आणि पडद्याच्या कोपऱ्यात बारा.

रात्रभर चाचणी लावून मी हीटरपाशी बसलो.
पहाटे चारला चुका: शून्य.
तरी विश्वास बसेना, म्हणून तिच्या तिन्ही फिती उघडल्या.
पहिला गळा चढा, जरा नाकातला.
दुसरा त्याच्या आडव्या वाटेनं निघालेला.
आणि खर्ज: शब्द नाहीत, नुसता एक ओ,
घराच्या पायासारखा.
मध्येच त्याला खोकला आला.
बाकीचे दोघे पुढे गेले नाहीत.
आपापल्या सुरावर उभे राहिले,
म्हातारा खोकून, काहीतरी पुटपुटून
परत येईपर्यंत.
मी ते सहा वेळा ऐकलं. वर्तुळ एकदाही फिरलं नाही.

सकाळी त्सियालानं पैसे मोजले, वीस कमी.
उरलेले पगार झाल्यावर. मालखाझनं मान हलवली.
दारातून ती परत वळली.
"आणि दोनची?"
मी भंगाराच्या डब्यात हात घातला.
तिनं ती कोटाच्या खिशात टाकली,
बसच्या तिकिटांत, बडीशेपेच्या गोळ्यांत.
"हिचं काय करणार?" मी विचारलं.
"माहीत नाही," ती म्हणाली.
"चार वर्षं दोन आवाज हिनंच धरले होते."