गेटवरची काडेपेटी

जिनिंगच्या गेटवर उखर्डू नाना बसतो,
फळीमागे, पायाभोवती गोणपाट गुंडाळून.
आत जायचं तर खिसे उलटे करायचे.
काडेपेटी, लायटर, सगळं फळीवर.
आत कापूस आहे. एका ठिणगीची उधारी
इथे कुणालाच परवडत नाही.

बावीस हंगाम मी फळीवर पेटी ठेवली
आणि दर दोन तासांनी मागायला आलो.
पाण्याच्या निमित्ताने, लघवीच्या निमित्ताने,
मुबारक तडवीला शोधायच्या निमित्ताने.
बाहेरच्या निंबाला टेकून टेकून
बुंध्यावर माझ्या पाठीएवढा
गुळगुळीत डाग पडलाय.

सोडली त्या सोमवारी नानाला काही बोललो नाही.
पेटी ठेवली, सवयीने. घ्यायला गेलो नाही.
दुपारी तोच रेच्यांपर्यंत शोधत आला,
"काय रे भाऊ, जीव बरा शे ना?"

चोपड्याच्या सरकारी दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या,
तलफ चार-पाच मिनिटांची असते, मग उतरते.
माझ्याकडे घड्याळ नाही, प्रेस आहे.
एक गाठ दाबून, पट्ट्या आवळून बाहेर पडेपर्यंत
मीही दात आवळून उभा.
पहिल्या दिवशी अशा अकरा गाठी मोजल्या.
दुसऱ्या दिवशी मोजणं सोडलं,
कारण तलफ उतरत नव्हतीच,
नुसती कूस बदलत होती.

झोप गेली. पोट बांधलं गेलं.
जायचा होता तो खोकला दुप्पट होऊन आला,
निघण्याआधी घराघरात शिरून
भेटून घेणाऱ्या पाहुण्यासारखा.
मी ताटावर ओरडलो, टीव्हीवर ओरडलो,
एकदा तर उंबऱ्यावर.
सिंधूने डाळ्यांची पुडी खिशात कोंबली,
म्हणाली, "बिडी पेटवत नाही ना आता?
मग आम्हाला तरी कशाला पेटवता?"

तिसऱ्या शनिवारी मुबारकच्या शेतात भरीत होतं.
पऱ्हाट्यांचा जाळ, त्यात वांगी,
आणि धूर सारखा माझ्याच बाजूला वळायचा,
जुनी ओळख असल्यासारखा.
मुबारकने निखाऱ्यावर बिडी शिलगावली
आणि माझ्यापुढे केली. न बोलता.
बावीस वर्षं करतोय तशीच.

दोन झुरके घेतले.
सिंधूला सांगितलेलं नाही.
तिसऱ्याला मन घट्ट केलं असं म्हणणार नाही,
भरीत ठेचायला कुणी हाक मारली, म्हणून उठलो.
बडगीवर वाकलो आणि नाकात शिरली
हिरवी मिरची, कांद्याची पात,
जळक्या सालीचा कडवट गोडवा,
आणि त्या सगळ्यांच्या तळाशी
वांग्याचा स्वतःचा, ओल्या मातीसारखा वास.
वांग्याला वास असतो
हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आता पुन्हा एकपासून मोजायचं
की दोन झुरके वजा करून पुढे जायचं,
रात्रभर हिशोब लागला नाही.
सकाळी डबा भरलेला होता. कामावर गेलो.

आज फळीवर माझी पेटी दिसली नाही.
पोटात धस्स झालं. गंमत बघा,
जी नको, तिच्यासाठी धस्स झालं.
नाना रस्त्यापलीकडे तीन विटांवर चहा उकळत होता.
"तुनीच काडीवर चुल्हा पेटना," म्हणाला,
आणि पेटी वाजवून दाखवली.
चार-पाच काड्या असतील अजून.

चहा घेतला. आलं जास्त होतं, तेही कळलं.
सुट्टी झाल्यावर त्याने पेटी पुढे केली.
राहू दे नाना, उद्या नेतो, विसरलो तर आठवण कर,
असं म्हणून मी सायकलवर टांग टाकली.

विसरणार नाही. तेवढंच तर
अजून जमलेलं नाही.