पहिलं बरं की दुसरं?

दिवसभर मी हेच विचारते.
स्टॉकपोर्टच्या उतरत्या गल्लीत,
चष्म्याच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत
लोकांच्या नाकावर जड चौकट बसवून
भिंग फिरवते. टक्.
पहिलं बरं? टक्. की दुसरं?
मिसेस ऑल्डक्रॉफ्ट म्हणतात, पुन्हा दाखव.
पुन्हा दाखवते.
त्या ओशाळतात, जणू परीक्षेत चुकल्या:
सारखंच दिसतंय गं.
त्यांना कसं सांगू,
सारखंच दिसू लागलं की नंबर सापडतो.

संध्याकाळी ऋजुता मला विचारते तेच.
ओट्यावर तिची वही, पिठाच्या परातीला टेकलेली.
फुटपट्टीनं ओढलेली रेघ, रेघेच्या दोन बाजूंना
दोन प्रोसेसर.
पहिला सहा कोअरचा, एकशे पासष्ट पौंड.
दुसरा आठ कोअरचा, तीनशे चाळीस,
कारण त्याच्यात कॅश जास्त.
कॅश जास्त म्हणून कॅश जास्त? मी म्हणते.
ती हसत नाही. सोळा वर्षांची आहे.
"अगं, सारखं लागणारं सामान हाताशी ठेवायची जागा.
दर वेळी माळ्यावर चढायला नको."
म्हणजे मिसळणाचा डबा.
"...हो. तसंच काहीसं."
मिसळणाच्या डब्याचे पावणेदोनशे पौंड जादा!
पोळी तव्यावर जरा करपली.

तिच्या खेळात एक दलदल आहे,
बगळ्यांवर बसून माणसं भाले फेकतात.
पहिल्यावर ती दलदल सेकंदाला एकशे बारा वेळा रंगते,
दुसऱ्यावर एकशे सत्तावन्न.
आणि आपला मॉनिटर?
ती पेन्सिलचं टोक चावते.
शेजारच्या गॅरेथनं घर सोडताना दिलेला तो मॉनिटर
साठाच्या पुढे मोजतच नाही.
मग बाकीची चित्रं जातात कुठे?
"कुठेच नाही. काढली जातात, दिसत नाहीत."
अशी काही कामं मलाही माहीत आहेत.

एरवी काय, तिचे निबंध,
माझा कर परतावा, बँक,
जिन्याखालच्या कपाटात टिकटिकणारा विजेचा मीटर.
त्या सगळ्याला दोन्ही सारखेच.

शनिवारी रेल्वेच्या विटांच्या कमानीजवळचं दुकान.
इलियटच्या स्वेटरला सोल्डरिंगनं पडलेलं भोक.
त्यानं वही वाचली, मान डोलावली,
एवढंच विचारलं: कुणाबरोबर खेळतेस?
"आत्तेभाऊ. इचलकरंजीला असतो."
उशीर किती होतो?
"एकशे ऐंशी मिलिसेकंद. कधी दोनशे वीस."
तो म्हणाला, ते नाही कमी होणार, बाळा.
ना याच्यानं, ना त्याच्यानं. ते अंतर आहे.
तिनं वही मिटली.
तेव्हा मला कळलं
आठ कोअरकडून तिला नेमकं काय हवं होतं.

पहिला घेतला.
वाचलेले पैसे वाचले नाहीत, बॉयलरनं खाल्ले.

रात्री जेवणाच्या टेबलावर
सोन्याचा इवलासा त्रिकोण खुणेला जुळवून
तिनं चिप ठेवली, दांडी दाबली.
करकर आवाज आला. दोघींनी श्वास धरला.
काही मोडलं नव्हतं.
वर पेस्ट मटाराएवढी. कोवळा मटार की जून?
"आई, प्लीज."
पंखा फिरला.

आता तिकडे पहाट होत आलीय.
सौमित्र हेडफोनातून कुजबुजतो, आत्या झोपलीय म्हणून.
त्याचा बगळा झेपावतो तिकडे,
इकडे तो अजून दलदलीतच उभा.
पण ही आता तो दिसतो तिथे भाला फेकत नाही,
तो असेल तिथे फेकते.
कुठल्याच रकान्यात हे नव्हतं.

मी दारात चहा घेऊन उभी.
एकशे बारा, एकशे सत्तावन्न, साठ,
पंधरा दिवस आम्ही आकडे घासत बसलो
आणि आत्ता बघतेय:
पोरगी पडद्याच्या पार जवळ सरकलीय,
डोळे बारीक करून.