सीमेअलीकडची संत्री

बालरनाल्डच्या अलीकडे
रस्त्याला वळायचं कारणच उरत नाही.
बाबांचा एक हात मांडीवर,
दुसरा स्टिअरिंगवर, नुसता ठेवायचा म्हणून.
मागे ट्रेलर खडखडत होता :
तंबू, चार घडीच्या खुर्च्या, गॅसची शेगडी,
आणि बटाट्याच्या पोत्यात
पॉपच्या झाडाची शेवटची संत्री.

घर विकून चार दिवस झाले होते.
लीटनच्या त्या घराविषयी गाडीत कुणी बोलत नव्हतं.
आई नकाशावर बोट ठेवून
गावांची नावं वाचत होती, गावं यायच्या आधीच.
गस एमू मोजत होता. सतरा.
त्यातली चार तरी झुडपं होती;
त्या दिवशी मी भांडले नाही.

संध्याकाळी मरे नदीच्या काठी
बाबांनी मोठ्या निलगिरीच्या बुंध्यापासून पावलं मोजली,
एकोणीस, वीस, आणि मग आणखी पाच.
"ही झाडं सांगून फांदी टाकत नाहीत."
पॉपही हेच म्हणायचे, ह्याच आवाजात.
बाबांनाही ते ऐकू आलं असावं,
कारण ते एकदम खाली बसले
आणि आत गेलेल्या खुंटीवरच
हातोडा मारत राहिले.

रात्री डब्यातल्या बीन्स, करपलेला पाव.
नदी चालते आहे की थांबली आहे
हे काडी टाकल्याशिवाय कळत नव्हतं.
गसनं चाळीसेक काड्या टाकल्या.
पहाटे तंबूवर हिमाची पातळ साय,
आणि आत, आम्हा चौघांचा श्वास
छताला लागून थेंब थेंब
आमच्याच कपाळांवर परत येत होता.
"घ्या," आई म्हणाली, "आपलंच आपल्याला."

मग सीमा. छपरी, लोखंडी पिंप,
आणि फळमाशीचं चित्र, माशीपेक्षा फारच मोठं.
पुढे एकही फळ न्यायचं नाही.
"पिंपात टाका, नाहीतर इथेच खा,"
चौकीवरची बाई म्हणाली. "किती आहेत?"
"मोजली नाहीत," बाबा म्हणाले.
मोजली होती. मी पाहिलं होतं त्यांना
रिकाम्या अंगणात, ओठ हलवत.

बाबांनी पोतं उतरवलं,
ट्रेलरच्या दांड्यावर बसले
आणि सोलायला लागले.
आम्ही खाल्ली. उभ्यानं, वाकून, गाडीला टेकून,
मनगटावरून कोपरापर्यंत रस.
मागच्या ट्रकचा ड्रायव्हर
आपलं एकुलतं एक केळं संपवून आला,
त्यानं तीन खाल्ली, तिसऱ्याला डोळे मिटून.
"काय आंबट आहेत हो!"

कुणीच काही बोललं नाही.
आंबटच होती. दर जुलैला, दर वर्षी.
पॉप फोडी हातावर ठेवायचे आणि तोंडाकडे बघत बसायचे,
आणि आम्ही सगळे, अगदी पाहुणेसुद्धा,
साखर, साखर, म्हणायचो.
बाबा हसले. मोठ्यानं, मान मागे टाकून,
आणि ते हसणं कुठेतरी मध्येच
दुसऱ्याच रस्त्याला लागलं.
आईनं त्यांच्या हातातलं अर्धं सोललेलं घेतलं
आणि सोलून पूर्ण केलं.

उरलेली बावीस पिंपात गेली.
आवाज होईल असं वाटलं होतं,
पण खाली सालांचाच ढीग होता.

"आणखी काही?" बाईनं विचारलं.
"नाही," आम्ही तिघं म्हणालो.
गसनं तोंड घट्ट मिटून मान हलवली.

सीमेपलीकडे बऱ्याच वेळानं
त्यानं सांगितलं : दोन बिया. गिळल्या.
पोटावर हात ठेवून, बाहेर बघत,
द्राक्षांच्या वाळक्या रांगा एकामागून एक जाऊ देत
त्यानं विचारलं,
"झाड आलंच तर ते कुठे येईल?"

आई नकाशात होती.
"रेनमार्क," ती म्हणाली.