खुर्ची हलत नाही

तेवीस वर्षं त्या ट्रकनं मला घुसळलं.
पाठीशी तीनशे टन तांब्याचा दगड,
खाली अटाकामाची भाजकी माती,
आणि माझ्या कण्याला सगळा रस्ता पाठ.
सातव्या वळणावरचा खड्डा चौथा मणका सांगायचा.
उतारावर ब्रेक तापला की मांडीला आधी कळायचं,
काट्याला मागाहून.

आता मी सांतियागोत, अकराव्या मजल्यावर.
खाण उत्तरेला, हजार-बाराशे किलोमीटर दूर.
समोर नऊ पडदे, नऊ ट्रक,
एकाच्याही केबिनमध्ये माणूस नाही.
खुर्ची चांगली आहे, पाठीला टेकू, हाताला गादी.
फक्त ती हलत नाही.

शिकवायला रायेन येते, माझ्या धाकटीएवढी.
म्हणाली, डॉन निबाल्दो,
तुम्ही इथं ब्रेक दाबलात की तिकडं चाकाला निरोप पोचायला
पापणी लवायच्या दहाव्या हिश्शाएवढा वेळ.
जुन्या नेटवर्कवर तेवढ्यात ट्रक
दोन मीटर पुढं गेला असता.

दोन मीटर.
मी काही बोललो नाही.
रेनान ओसांदोन दोन मीटरातच गेला होता,
धुळीत, मागे येणाऱ्या ट्रकला न दिसता,
हातात थर्मास तसाच.
आता त्या रस्त्यावर मरायला कुणी नसतंच.
हे मी रेनानच्या बायकोला फोनवर सांगितलं.
ती बराच वेळ गप्प होती,
मग म्हणाली, उशीर केलात.

अठ्ठेचाळीस होतो आम्ही, अकरा उरलो.
एउसेबिओनं कालामात एम्पानाद्याची गाडी टाकली.
त्याची बायको सांगते, अजून पहाटे चारला उठतो,
पलंगाच्या कडेला बसतो,
दोन्ही हात पुढं धरून, गोल.
सान आंतोनियो बंदरातल्या क्रेनही
आता अशाच एका खोलीत येणार म्हणे.
रायेन हे सांगताना हरखते.
तिचं चुकत नाही. तिनं धूळ खाल्लेली नाही,
आणि तिनं ती का खावी?

मंगळवारी पहाटे सहा नंबर थांबला.
सातव्या वळणावर, उगाच.
मागे पाच, मागे आठ, सगळी रांग ठप्प.
मिनिटाला किती पैसे जातात
ते वरच्या कोपऱ्यात लाल आकड्यात दिसतं.
मी कॅमेरा जवळ ओढला:
रस्त्याच्या मधोमध एक कोल्ही,
शेपटी पायांवर घेऊन बसलेली,
ट्रकच्या वर, केबिनच्या काचेकडं बघत.

मी सांतियागोत हॉर्न दाबला.
तो तिकडं वाजला, आणि लगेच माझ्या कानातल्या यंत्रात.
तिनं एक कान हलवला. बस.
रायेन म्हणाली, सिस्टिमला ती ओळखता येत नाहीये,
रिकामा रस्ता आहे असं सांगून पुढं काढू?
थांब, म्हटलं.

कारण मला कळलं होतं ती कशाची वाट बघतेय.
सातव्या वळणावर वेग कमी व्हायचा,
आणि आम्ही सगळेच, नियम मोडून,
काच खाली करून पावाचा तुकडा टाकायचो.
मीही. एउसेबिओ तर लोणी लावून.
या पॅनेलवर एकशे चौदा बटणं आहेत.
पाव टाकायचं एकही नाही.

चार मिनिटांनी ती उठली, अंग झटकून निघून गेली.
रिपोर्टात रकाना होता: कारण.
मी लिहिलं: प्राणी.

योवाना दर आठवड्याला वर जाते,
अँटेनाच्या खांबावर चढून धूळ पुसते.
तिच्या हातावर मी दोन हजार पेसो ठेवले.
म्हटलं, मार्राकेता घे, ताजी, भट्टीतली,
आणि सातव्या वळणावर, जरा कडेला.
कशासाठी, असं तिनं विचारलं नाही.
तिचा बाप तेरा नंबर चालवायचा.

बुधवारी सहा नंबर पुन्हा थांबला. सहा मिनिटं.
कोल्ही रस्त्यातच बसून खात होती, सावकाश.
कडेला ठेव म्हटलं होतं मी.
लाल आकडा वर चढत गेला.
रायेननं माझ्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं,
आणि विचारलं, लोणी होतं का?