खोली

तोरलबेन अमीन दुकानात आल्या तेव्हा
मी सव्वादोनशे लग्नपत्रिकांच्या कडा कापत होतो.
पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त, विधानसभेला अपक्ष, निशाणी बादली.
म्हणाल्या, दांडिया बाजारात अजून मराठी वाचतात ना?
वाचतात, म्हटलं. चष्मा सापडला तर.

गुजरातीत लिहिलेली चार पानं,
खाडाखोड फक्त आकड्यांमध्ये.
पण आधी त्यांनी भिंत बघायला मागितली.
कपाटामागची पुराची रेघ,
दोनदा चुना मारूनही वर आलेली.
टाचा उंचावून त्यांनी तिला बोट लावलं,
पर्समधून टेप काढला, मोजलं,
आणि तिथेच पेन्सिलीने आकडा मांडला.
मतं मागायला आलेल्या माणसाने
माझ्याकडचं काही मोजलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

'पाणी परत येईल,' त्या म्हणाल्या.
'येणार नाही असं छापू नका.
त्याला कुठे बसवायचं, एवढंच आपल्या हातात.'

रात्री भाषांतराला बसलो.
'टकाउ'ला काय लिहू?
टिकाऊ म्हटलं की आमच्याकडे चप्पल आठवते.
शाश्वत लिहिलं आणि खोडलं;
शाश्वत एक आत्मा, नाहीतर आमच्या गल्लीतला खड्डा.
शेवटी लिहिलं, नातवंडांना पुरेल असं.
'रहेवा लायक' सोपं गेलं. राहण्याजोगं.
बडोद्यात राहतात सगळेच,
जोगं आहे का, ते कुणी विचारत नाही.

मागण्या साध्या होत्या.
तळी बुजवून बांधायचं नाही.
छपरावरचं पाणी गटारात नको, जमिनीत.
शाळेत चालत जाणाऱ्या पोराला सावली मिळावी सलग,
वडापासून वडापर्यंत,
मधे ऊन पंधरा पावलांहून जास्त नको.
(ही पावलं पोराची धरायची, असं समासात.)
मगरींना दगड मारू नयेत,
त्या इथल्या जुन्या रहिवासी, यादीत नाव नसलेल्या.
आणि पहिलंच कलम:
विश्वामित्रीला तिची 'ऊंडाई' परत.

मी लिहिलं, नदीला तिची खोली परत देऊ.

छापून झालं, वाटून झालं, तेव्हा कळलं.
कुमुदताई निंबाळकर गॅलरीतून ओरडल्या,
'अहो, नदीला खोली? कुणाकडची?
माझी मागची रिकामी आहे, पण ओल फार!'
दिवसभर बाजार हसला.

मुनाफ हसला नाही.
काठावरच्या वस्तीत राहतो, कागदाची रिमं उतरवायला येतो.
त्याने कुणाकडून तरी वाचवून घेतलं होतं.
रिम खांद्यावरच ठेवून म्हणाला,
'नदीला खोली, शेठ. अने अमारी?'

मी फोन लावला. चूक माझी, म्हटलं,
आमच्या भाषेत खोल असणं आणि राहायला जागा असणं
एकाच शब्दात भाड्याने राहतात.
पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग: 'चूक राहू द्या. तीच खरी.
फक्त मुनाफभाईंचं कलम तिच्या वर घाला.
आधी त्यांची खोली. मग नदीची.'

दुसरी आवृत्ती उधारीवर छापली. उधारी अजून आहे.

अकराशे सहा मतं. अनामत गेली.
निवडून आलेल्यांची आभारपत्रकं माझ्याकडेच आली, चार रंगांत.
'जनसेवेस वाहून घेतलेले' असा मजकूर.
दोनदा तपासला.
शुद्धलेखनाची चूक नव्हती.

दिवाळीआधी चुनेवाला आला,
त्याला म्हटलं, कपाटामागे ब्रश नको.

उरलेला गठ्ठा मुनाफ घेऊन गेला,
पत्र्याच्या भेगांत खोचायला.
पहिलं कलम आतल्या बाजूला ठेवलंय, म्हणाला,
निजल्यावर दिसतं.
वाचता येत नाही, पण कुठलं ते ठाऊक आहे.
पावसाळ्यापर्यंत टिकेल.