पाच वर

सेलूत मार्चमधे संध्याकाळचे सात वाजले
की जिनिंगची मोटार बंद होते
आणि माझ्या रेडिओतली खरखर हळूहळू खाली बसते,
हंड्यात गाळ बसतो तशी.
लिंबाच्या फांदीपासून टाकीच्या स्टँडपर्यंत ताणलेली तार,
तिच्यात तेवढ्यापुरता समुद्र येतो.

त्या दिवशी एक बेट आलं होतं.
नकाशात माशी बसून उठल्याएवढं.
चार दिवसांसाठी चार माणसं तंबू ठोकून बसलेली
आणि सगळी दुनिया त्यांच्या दारात.
चौदा एकशे पंच्याण्णववर एकजण बोलत होता,
झोप नसलेला, दाढी वाढलेली असणार,
घडीघडी सांगत होता : अप फाइव्ह, अप फाइव्ह.
म्हणजे बोलतो इथं, ऐकतो पाच वर.
माझ्या तोंडावर येऊन ओरडू नका.

हे मला कमरोद्दीनभाईंनी शिकवलेलं,
मोटार रिवायंडिंगच्या दुकानात,
तांब्याच्या तारेची भेंडोळी बाजूला सारून :
"बाई, कान इधर, जबान उधर.
पैले देखो जबान कहाँ रक्खी."
मी हसले होते.
म्हटलं, भाई, घरात दुसरं काय करते मी?

स्प्लिटचं बटण दाबलं, हिरवा दिवा लागला.
दिव्यावर भरवसा ठेवून सुरू झाले.
स्वतःचं नाव. नुसतं स्वतःचं नाव.
व्हीयू थ्री आणि पुढची तीन अक्षरं,
थांब, ऐक, पुन्हा तेच.
त्यानं इटली घेतला. जपानचे दोन घेतले.
एक बंगलोरचा घेतला, तेव्हा फार लागलं.
सुई तर उड्या मारत होती,
पन्नास वॅट कुठंतरी जात होते,
दळण गिरणीत टाकावं
आणि पीठ शेजारच्याच्या डब्यात पडावं तसे.

अर्ध्या तासानं घसा बसला.
पाणी प्यायले. मग कुठं भाईंची जबान आठवली
आणि ते छोटं बटण दाबून धरलं,
ज्यानं आपण बोलतो ती जागा ऐकू येते.

समुद्र गेला.
गर्दी गेली, बेट गेलं.
आकड्यात चौदा एकशे एक्कावन्न,
कालच्या गप्पांनंतर तिथंच विसरलेले.
आणि तळाशी, आडातून यावा तसा, एक म्हातारा आवाज
सावकाश, न कंटाळता
माझं नाव घेत होता.

"ऐकू आलं का माय आता?
मी मानवतहून. उत्तमराव होगे, पोस्टातून रिटायर.
तुमची गाडी चुकीच्या फलाटावर उभी आहे.
अर्धा तास झाला, सांगतोय."

मानवत. एसटीनं पाऊण तास.
तिथं कुणी आहे हे मला ठाऊक नव्हतं,
पाच वर्षं वर बघून बोलत असताना.
मी विचारलं, काका, एवढा वेळ कामून थांबलात?
म्हणाले, "तुम्ही नाव सांगत होत्या ना.
कुणी नाव सांगितलं की ओ द्यावी लागते."
मग खरखरीत थोडं बुडाले, पुन्हा वर आले :
"जा आता, पाच वर जा. बेट थांबायचं नाही.
मी काय, इथंच आहे."

दुसरा आकडा चौदा दोनशेवर आणला.
या वेळी बटण धरून आधी तिथली गर्दी ऐकली,
जागा पाहिली, मग तोंड उघडलं.
दोनदा बोलावलं. तिसऱ्यांदा बोलावणार
तर लाइट गेली.

टॉर्चच्या उजेडात वही काढली.
वेळ लंडनची, तेरा एक्कावन्न.
आवाज तीन-तीन, जेमतेम.
नाव उत्तमराव. गाव मानवत.
शेवटच्या रकान्यात, जिथं देश लिहितात,
पेन बराच वेळ टेकवून ठेवला.